पंचावन्न किलोच्या सासूबाई

गरज ही शोधाची जननी असते, असं म्हणतात. आमच्या घरात तसं नाही. आमच्याकडे शोध आधी जन्माला येतो आणि मग त्याची जननी कुठे आहे म्हणून सगळ्यांनी घरभर हिंडायचं. शोध लावतात आमचे सासरे. सोसतात सासूबाई. आणि निस्तरते मी, त्यांची सून.

सासऱ्यांचा सगळा जन्म लिफ्ट बसवण्यात आणि बंद पडलेल्या लिफ्टमधून लोकांना ओढून बाहेर काढण्यात गेला. शहरातल्या निम्म्या इमारतींत माणसं त्यांनी चढवलेल्या दोरांवर वर-खाली करतात. असा माणूस स्वतः राहतो कुठे, तर बिनलिफ्टच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमचा जिना इतका उभा आहे की पहिल्यांदा येणारा पाहुणा दारात पोचल्यावर ‘नमस्कार’ म्हणत नाही, ‘पाणी’ म्हणतो. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान, मधल्या मजल्यावर घरमालकाचं कायम कुलूपबंद गोदाम, आणि वर आम्ही. जिना चौकोनात वळत वर येतो आणि मधोमध तळापासून छतापर्यंत मोकळी जागा राहते. लोक रिकाम्या प्लॉटकडे बघतात तसे सासरे त्या जागेकडे येता-जाता बघायचे.

निवृत्त झालेला माणूस सहसा वर्तमानपत्र वाचतो, नाहीतर भाजीत मीठ किती आहे ते सुनेला सांगतो. आमच्या सासऱ्यांचा यंत्रांचा उद्योग आधी सुट्टीच्या दिवशीच चालायचा, आता त्यांनी पाने-पक्कड घेऊन रोज घरच उघडायला घेतलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांनी दूध उतू जाऊ नये म्हणून एक यंत्र केलं. पातेल्यात एक पत्र्याची तबकडी तरंगायची, दूध वर आलं की ती उचलली जायची आणि गॅस आपोआप बंद व्हायचा. दूध उतू जायचं थांबलं, हे खरं आहे. कारण दूध उकळायचंच थांबलं. त्या दिवसांत आम्ही जो चहा प्यालो त्याला चहा म्हणायचं केवळ सासऱ्यांच्या वयाकडे बघून.

मग आली कपडे वाळत घालायची शहाणी दोरी. दोरीला एक स्प्रिंग, आणि स्प्रिंग अडकवलेली एका साखरेच्या खड्याला. पाऊस आला की खडा विरघळणार, स्प्रिंग सुटणार आणि कपडे सर्रकन छपराखाली येणार. कल्पना झकास. फक्त ती पावसाच्या आधी मुंग्यांना कळली. भर दुपारी, कडक उन्हात, आमचे सगळे कपडे एकदम घरात पळाले. सासऱ्यांनी साखरेच्या जागी मिठाचा खडा लावला, तर ओल्या कपड्यांच्याच पाण्याने तो विरघळला. सासूबाई कपडे वाळत घालून मागे वळल्या की कपडे त्यांच्या आधी घरात.

विज्ञानाचा एक नियम मला लग्नानंतर कळला, तो कुठल्या पुस्तकात नाही. कुठलंही यंत्र माणसाचं एक काम वाचवतं आणि ते यंत्र पुसायचं एक काम वाढवतं. पहिलं काम बहुतेक पुरुषाचं असतं, दुसरं नेहमी बाईचं.

सासूबाईंचं धोरण मात्र ठरलेलं होतं. नव्या यंत्राला त्या पाहुण्यासारखं वागवायच्या. आठवडाभर काही बोलायचं नाही, त्याच्या बाजूने वळसा घालून जायचं, धूळ झटकायची. आठवडा सरला की एका सकाळी त्या म्हणायच्या, “अहो, पाहुण्यांना निरोप द्या आता.” मग सासरे मुकाट्याने स्टूल घेऊन यंत्र माळ्यावर चढवायचे. चाळीस वर्षांच्या संसारात एकाही यंत्राला माळा चुकला नव्हता, आणि एकाही यंत्राला सासूबाईंनी ‘बरं आहे’ म्हटलं नव्हतं.

विज्ञानाची गोडी घरात सगळ्यांनाच आहे म्हणा. आमच्या ह्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. संध्याकाळी आकडा कमी पडला की हे सोफ्यावर बसल्या बसल्या हात हलवतात. घड्याळ खूश, हे खूश. ह्यांनी व्यायामासाठी लोखंडी डंबेल्सही आणले होते. त्यांचा उपयोग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून होत असे, आणि तोही मीच करत असे.

तर असं हसत-खेळत, म्हणजे ते हसत आणि मी चिडत, चाललं होतं. आणि सासूबाईंचे गुडघे गेले.

एकदम नाही गेले. आधी त्या जिन्यात मध्येच थांबायला लागल्या, “गोदामाचं कुलूप बघत होते” म्हणाल्या. मग आठवड्यातून एकदाच खाली जायला लागल्या. मग एक दिवस उतरल्या, आणि वर येताना मधल्या मजल्यावर पायरीवर बसल्या त्या बसल्याच. आम्ही दोघांनी खांद्याला धरून त्यांना वर आणलं. त्या दुखण्याने रडल्या नाहीत. पण लेकाला आणि सुनेला आपल्याला उचलावं लागलं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून त्यांनी खाली जाणंच सोडलं.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाक आहे. तिथे संध्याकाळी सासूबाईंच्या मैत्रिणी जमतात आणि सगळ्या जगाची धुणी धुतात. सासूबाई आता गॅलरीत उभ्या राहून त्या बाकाकडे बघायच्या. मैत्रिणी हसल्या की याही हसायच्या. कशाला हसल्या ते इथपर्यंत ऐकू येत नसे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांना “आता नीट दिसतंय का?” विचारते. संध्याकाळी गल्लीत शिरले की वर गॅलरीत त्यांना तसं उभं बघायची आणि मला फार वाईट वाटायचं.

नणंदबाई आल्या आणि त्यांनी निकाल लावला. त्या सासूबाईंसारख्याच, बोलल्या की बोलल्या.

“आई, तू माझ्याकडे राहायला चल. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली बाग आहे. इथे काय, तुरुंगात आहेस का?”

“आणि बाबा?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“बाबांनी पण यावं. पण माझ्या दोन खोल्यांत त्यांचा तो लोखंडाचा पसारा मावणार नाही. हात-पाय घेऊन यायचं.”

सासऱ्यांना पसारा सोडून ये म्हणणं म्हणजे माशाला पाणी सोडून ये म्हणण्यासारखंच. ते म्हणाले, “मी इथेच बरा.” मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, म्हणाले, “त्या इमारतीतली लिफ्ट मीच बसवलीय. तिसऱ्या मजल्यावर जरा गचकते.” सासूबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. नणंदबाईंनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि घराचं रंगकाम उरकलं की तीन महिन्यांनी, रविवारी गाडी घेऊन येते म्हणून सांगून गेल्या. चाळीस वर्षं ज्यांनी एकमेकांशी रोजचं भांडण चुकवलं नाही, ती दोघं आता शहराच्या दोन टोकांना राहणार होती. त्या रात्री दोघंही भांडली नाहीत, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी घसा खाकरला.

“अगं, तुझं वजन किती?”

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. काही माणसांना आ बैल मला मार म्हणायची हौस असते, पण ती इतकी?

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “भंगारात घालताय का मला?”

“तसं नाही गं. जिन्याच्या मधल्या जागेत एक खुर्ची सोडतोय. वर छताला कप्पी. दोराच्या एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या पट्ट्यांची पेटी. लिफ्टला असते तशीच. दोन्ही बाजूंचं वजन सारखं झालं की बाजूची दोरी तूच हलकेच ओढायची. वर तर वर, खाली तर खाली. वीज नको, मोटर नको, कुणाला हाक मारायला नको. पण त्यासाठी वजन बरोबर हवं. खुर्चीचं मला माहीत आहे. तुझं सांग.”

सासूबाईंच्या ओठांवर काहीतरी सणसणीत उत्तर आलं होतं, ते मला दिसलं. पण ‘कुणाला हाक मारायला नको’ हे शब्द त्यांना लागले असावेत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “पंचावन्न.”

आम्ही तिघांनी आपापल्या ताटात बघितलं. पंचावन्न किलोच्या सासूबाई मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

“पंचावन्न,” सासरे गंभीरपणे म्हणाले. “ठीक.”

हात धुताना त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. “आमच्या धंद्यात माणसाने सांगितलेलं वजन कधी धरत नाहीत. माणूस लिफ्टच्या दारात आला की दहा किलोने उतरतो. मी पासष्ट धरतो. तिला बोलू नकोस.”

“वजनकाट्यावर उभं करा ना त्यांना.”

“तू करतेस?” सासऱ्यांनी विचारलं. मी विषय सोडला.

तरी खात्री करावी म्हणून ते खाली शिंपीकाकांकडे गेले. सासूबाईंचे कपडे वर्षानुवर्षं तेच शिवतात. मी भाजी घेऊन येत होते, म्हणून सगळं ऐकलं.

“सहज विचारतो, हिची कंबर किती?”

शिंपीकाकांनी चष्म्यावरून बघितलं. “काका, मापं म्हणजे विश्वासाचा मामला. उद्या तुमच्या पोटाचा घेर कुणी विचारला तर सांगू का?”

सासऱ्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि ते वर आले.

त्यानंतर घरात ठोकाठोकी सुरू झाली. आणि एक खरं सांगते, या वेळी सासरे वेगळेच दिसत होते. दुधाची तबकडी आणि शहाणी दोरी हे त्यांचे खेळ होते. हा त्यांचा धंदा होता. दोर तुटला तर खुर्ची जागच्या जागी अडकावी म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना दात बसवले आणि मग स्वतः खुर्चीत बसून आमच्या ह्यांना दोर सोडून द्यायला लावला. हे घाबरून डोळे मिटून घेतात, आणि सासरे अधांतरी बसून म्हणतात, “बघ, अडकली की नाही!” खाली चाकाला ब्रेक, वर पट्टा, पायाला फळी. बोलणं कमी झालं होतं. एरवी ठोकताना गाणं गुणगुणायचे, तेही बंदच.

याच दिवसांत सासूबाई ताटात अन्न टाकायला लागल्या. दोन घास खायचे आणि हात आखडता घ्यायचा. अर्धा भात तसाच. मी विचारलं, “मीठ कमी आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही गं, छान झालंय.” सासूने सुनेच्या स्वयंपाकाला छान म्हणावं आणि तो पानात टाकावा, याचा अर्थ कुठल्या सुनेला कळत नाही? माझं डोकं फिरलं. मी तेल बदललं, भाज्या बदलल्या, एकदा तर रागाने मुद्दाम त्यांच्याच पद्धतीने स्वयंपाक केला. तरी अर्धं ताट भरलेलंच. मग मीही गाल फुगवले. म्हटलं, लेकीकडे जायचंय ना, लेकीच्या हातचं गोड लागेल.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. सासूबाई गॅलरीतून दोरीला टोपली बांधून कपड्यांचं गाठोडं शिंपीकाकांकडे सोडायच्या आणि वरून एक बोट दाखवायच्या. मला वाटलं, एका दिवसात द्या म्हणतायत. पुढे केव्हातरी पुन्हा गाठोडं गेलं, तेव्हा त्यांनी दोन बोटं दाखवली. मला वाटलं, चला, बिचाऱ्याला एक दिवस वाढवून दिला.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी खुर्ची तयार झाली. सासऱ्यांनी पासष्ट किलोची वाळूची गोणी खुर्चीत बांधली आणि बोटाने दोरी ओढली. गोणी डौलात खाली गेली, डौलात वर आली. मीसुद्धा टाळी वाजवली. सासूबाई दारात उभ्या होत्या, खांद्यावर शाल. गोणीकडे त्यांनी सवतीकडे पाहावं तशा नजरेने पाहिलं.

संध्याकाळी माझ्या मनात पाल चुकचुकली. पासष्ट? मला तर सत्तरच्या खाली पटत नव्हतं. पेटी हलकी पडली आणि सासूबाई धाडकन खाली गेल्या तर? सासऱ्यांना सांगावं, तर ते हिशेब काढून बसतील. सासूबाईंना विचारावं, तर त्या माझंच वजन काढतील. खुर्ची वर होती, म्हणजे लोखंडाची पेटी खाली जिन्याच्या तळाशी. मी घरातला जुना लोखंडी खलबत्ता पिशवीत घातला, खाली गेले, पेटीचं झाकण उघडलं आणि कोपऱ्यात फडक्याखाली सारला. समोर दुकानात शिंपीकाका सुईत दोरा ओवत होते.

“वहिनी, काही हरवलं का?”

“नाही, काही नाही,” मी म्हणाले. त्यांनी पुन्हा सुईकडे लक्ष दिलं.

रविवारी सकाळीच नणंदबाई गाडी घेऊन हजर. त्यांनी आईची बॅग स्वतः भरली, स्वतः खाली नेली आणि गाडीत ठेवली. “खुर्ची चालो न चालो, आज मी आईला घेऊन जाणार,” त्यांनी जाहीर केलं. “बाबांची हौस होऊन जाऊ दे.”

सासरे खाली ब्रेकपाशी उभे राहिले. आम्ही दोघं वर. सासूबाई खुर्चीत बसल्या, मी पट्टा बांधला. त्यांचे हात थंडगार होते. चाळीस वर्षं ज्या बाईने यंत्रांना वळसा घातला ती आज यंत्रात बसली होती, आणि तेही जमिनीपासून दोन मजले वर.

“ब्रेक सोडला!” खालून आवाज आला. “ओढ!”

सासूबाईंनी दोरी ओढली. खुर्ची हलली नाही.

“जरा जोराने!”

“ओढतेय हो!”

खुर्ची ढिम्म. सासूबाईंनी दोन्ही हातांनी ओढलं, त्यांच्या कपाळावर घाम आला. खुर्ची उलट छताकडे दोन बोटं सरकली आणि तिथे अडून बसली. खाली सासरे चाक तपासत होते, दोर तपासत होते, पुन्हा चाक तपासत होते.

“बाबा, पुरे झालं आता,” नणंदबाई म्हणाल्या. “मी आईला धरून जिन्याने आणते. चला, वेळ होतोय.”

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. सासऱ्यांनी टोपी काढली आणि ती हातात घेऊन नुसते उभे राहिले. मला तो माणूस इतका लहान कधी दिसला नव्हता.

आणि वर खुर्चीत सासूबाईंना रडू कोसळलं.

“यंत्राला बोल लावू नका,” त्या म्हणाल्या. “यंत्र चांगलं आहे. दोष माझा आहे. मी पंचावन्न नाही. तेव्हाही नव्हते. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे कसं घेणार? म्हटलं, आकडा खोटा आहे तर आपणच तेवढं व्हावं. इतके दिवस अर्ध्या पोटी उठले, तरी मेली मी जडची जडच!”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हती ही बाई. उपाशी राहत होती.

“काय म्हणालीस?” खालून सासऱ्यांनी विचारलं.

“जड आहे म्हणाले मी! आता दवंडी पिटवू का?”

“अगं वेडे,” सासरे ओरडले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “जड असतीस तर केव्हाच खाली आली असतीस! पेटी जड आहे. तू हलकी आहेस!”

त्यांनी ब्रेक लावला, पेटीचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. पहिल्यांदा एक डंबेल बाहेर आला. मग दुसरा.

“हे कुणाचे?”

आमचे हे छताकडे बघायला लागले. “मला वाटलं, बाबांनी पंचावन्नच धरले असतील,” ते पुटपुटले. “म्हटलं, थोडी भर घालावी.”

मग फडकं निघालं, आणि फडक्याखालून खलबत्ता.

“आई, तुझा खलबत्ता!” नणंदबाईंनी खालून बातमी दिली.

सासूबाईंचं रडू जागच्या जागी थांबलं. त्यांनी मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे. “अस्सं. मी इथे उपाशी मरतेय, आणि तुम्ही एकेक जण जाऊन खाली लोखंड भरताय? इतकी जड वाटते मी तुम्हाला? आणि तुम्ही हो, शिंपीभाऊ, तुमच्या दारासमोर हे चाललं होतं!”

शिंपीकाका दुकानाच्या पायरीवर आले होते. “काकू, मला सगळे गुपचूप येताना दिसले,” ते म्हणाले. “पण ज्याचं त्याचं गुपित. मी कशाला बोलू?”

नणंदबाई हसायला लागल्या, हे हसायला लागले, मलाही राहवेना. पट्ट्याने बांधलेल्या सासूबाई वरून सगळ्यांचा उद्धार करत होत्या, आणि त्या जितक्या बोलत होत्या तितकं आम्हाला हसू येत होतं. सासरे हसत हसत पेटीतून पट्ट्या काढत होते. “ह्या माझ्या दहा किलोच्या. धंद्याची सवय गं, रागावू नकोस. आता झाले बरोबर पंचावन्न. हं, ओढ.”

सासूबाईंनी दोरी ओढली. खुर्ची थरथरली. खाली आली नाही.

सासऱ्यांनी ब्रेक लावला आणि आणखी एक पट्टी काढली. “ओढ.”

नाही आली. त्यांनी आणखी एक काढली. आता कुणी हसत नव्हतं. ते एक पट्टी काढायचे, जमिनीवर ठेवायचे, वर बघायचे, आणि सासूबाई मान हलवायच्या. पट्ट्यांचा ढीग वाढत चालला. पट्टी ठेवल्याचा ठण्ण आवाज जिन्यात वरपर्यंत येत होता. खांद्यावर शाल, बेताबेताने आत घेतलेले कपडे, म्हणून आम्हाला काही दिसलं नव्हतं. एका घरात राहून दिसलं नव्हतं.

“अजून काढा, काका,” शिंपीकाका हळूच म्हणाले. “दोनदा कपडे आत घेतलेत मी. आधी एक बोट, मग दोन.”

सासऱ्यांनी पुढची पट्टी काढली, आणि खुर्ची खाली यायला लागली. सासूबाईंनी दोरी हलकेच ओढली, अगदी दोन बोटांनी, आणि त्या कुठेही न अडखळता, न हिसकता, गोदामाच्या कुलपावरून खाली उतरल्या. आम्ही जिन्याने धावत त्यांच्याबरोबर पोचलो. फळी जमिनीला टेकली. सासरे पेटीपाशी जमिनीवरच बसले होते. त्यांच्या बाजूला पट्ट्यांचा ढीग होता.

“माझं यंत्र फसलं असतं तर फसलं असतं,” ते म्हणाले. “आजवर काय कमी फसलीत? त्यासाठी जेवण सोडायचं?”

“ती फसली ती तुमच्यामुळे,” सासूबाई म्हणाल्या. “हे माझ्यामुळे फसलं असतं. तुम्हाला वाटलं असतं, तुमचा हात गेला.”

सासऱ्यांनी बाहीने डोळे पुसले. मग त्यांनी पट्टा सोडला आणि त्यांना हात दिला. सासूबाई उभ्या राहिल्या. दारातून रस्त्यावरचं ऊन आत आलं होतं. कोपऱ्यावरच्या बाकाकडे बघत त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून.

“आई,” नणंदबाईंनी गाडीचं दार उघडलं. त्यांचा आवाज नरम झाला होता. “बॅग मागे ठेवलीय. तू पुढे बसतेस ना?”

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या ढिगाकडे.

“अहो,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “त्या पट्ट्या भंगारात देऊ नका. आजपासून मी पोटभर जेवणार आहे.”

नणंदबाईंनी गाडीतली बॅग काढली आणि जिन्याने वर नेऊन ठेवली.